जत्रेची रजा

आई, काल मी पुन्हा भांडले. निवृत्त बाईने घरात बसून जप करावा, अशी गावाची फार इच्छा आहे. मला ते जमत नाही. गावचं मंडळ दरवर्षी कॅलेंडर छापतं आणि शुद्धलेखनाला माझ्याकडे पाठवतं. यंदाचं उघडलं आणि डोकंच फिरलं. प्रजासत्ताक दिन, शिवजयंती, ईद, गुड फ्रायडे, महाराष्ट्र दिन, सगळ्या सुट्ट्या लाल शाईत जागच्या जागी. नारळी पौर्णिमा आहे, चतुर्थी आहे, मासेमारी बंदीचे दोन महिने आहेत, पुढाऱ्यांचे वाढदिवस फोटोंसकट आहेत. आणि फेब्रुवारीतल्या एका रविवारी आपल्या देवीची जत्रा. छापून मोकळे! अजून कौल लागलेला नाही, देवीला कुणी विचारलेलं नाही. ही जत्रा तिथीवर नसते, तारखेवर नसते, देवी सांगेल त्या दिवशी असते, हे यांना मी शिकवायचं?

तशीच मंडळाच्या बैठकीत गेले. सेक्रेटरी माझाच जुना विद्यार्थी, आता दोन होमस्टेचा मालक. म्हणाला, "बाई, तारीख नाय घातली तर मुंबयवाल्यांनी तिकिटां कशी काढूची? आयतवार सगळ्यांक बरो. देवी काय नाय म्हणाची नाय."

"देवीच्या वतीने तू कधीपासून बोलायला लागलास रे? पाढे तरी येत होते का तुला?"

सगळे हसले, तोही हसला. पण तारीख खोडेना. मग मी तुझी गोष्ट काढली.

ती मी आयुष्यभर सांगत आले आहे. बाबा गेल्यावर आपण गाव सोडून तालुक्याला भाड्याच्या खोलीत आलो, तू कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरात लागलीस आणि सिस्टरने माझी फी माफ केली. तू पहाटे मागच्या दाराने आत जायचीस, मी घंटेच्या वेळी पुढच्या फाटकातून. मधल्या सुट्टीत तू खिडकीत नारळ खवताना दिसलीस की मी चपलेचा पट्टा नीट करायला वाकायची. आपण मायलेकी आहोत हे वर्गात कुणाला ठाऊक नाही, असं मला वाटायचं. पाचवीत होते, तेव्हा तू मला ऑफिसात घेऊन गेलीस. पदराला हात पुसत उभी आहेस, मसाल्याचा वास सगळ्या खोलीत. "विचार गो तेंका, जत्रेक एक दिवस सुट्टी होयी. तारीख अजून ठरूक नाय, देवी सांगतली तेव्हा." सिस्टरला मराठी येत नव्हतं, तुला इंग्रजी. मी मधे.

सिस्टरने भिंतीवरच्या वर्षाच्या यादीकडे पाहिलं, मग तुझ्याकडे, आणि ती बोलली. मी तुला सांगितलं, यादीत नाही त्या दिवसाची रजा मिळत नाही. तू एवढंच म्हणालीस, "ऱ्हवांदे." पुन्हा कधी विचारलं नाहीस. देवीची ओटी दरवर्षी शेजारणीबरोबर पाठवत राहिलीस, मरेपर्यंत.

काल हे सांगताना माझा आवाज चढला. एका विधवेची जत्रा छापील यादीने बुडवली, आता तुम्ही देवीलाच यादीत कोंबता, असं म्हटलं. सेक्रेटरीने मुकाट्याने रविवार खोडला आणि लिहिलं, 'जत्रा कौलाप्रमाणे'. निघताना वाकून नमस्कार केला मेल्याने. आणि मी तेव्हापासून घरभर फिरते आहे, चहा करते, तो तसाच राहतो. याच गोष्टीवर निरोप समारंभात लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्या सिस्टरला मी गावोगाव कठोर करून टाकलं. तीही केव्हाच गेली.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणून तरी नीट लिहिते. सिस्टर हसली होती, आई. म्हणाली होती, तारीख कळली की सांग, दरवर्षी जा, मुलीलाही ने. फक्त तिच्या रजेचा कागद वर्गशिक्षिकेकडे दे. आणि आमच्या वर्गात रजेचे कागद मोठ्याने वाचून दाखवत, खालच्या आईच्या नावासकट.