डब्यातली साखर

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

डबा परत आला. आत चिमूटभर साखर.

शौनक — आमचा जावई — ऑफिसला जाता जाता साकीनाक्याला वर्कशॉपवर देऊन गेला. "छान होता ब्रेड, बाबा." गाडीतून उतरलाही नाही.

घरी येऊन सुलक्षणाला दाखवला. म्हटलं, बघ, विहीणबाईंचा निरोप. साखर कमी पडली.

ती म्हणाली, "रिकामो डबो परत करूचो नसता, म्हणान घालतत. तुमका सगळ्यात टोमणोच दिसता."

रीत मला माहीत नाही होय? पण रीत पाळायची तर मूठभर चिवडा घालता येतो, दोन केळी ठेवता येतात. ब्रेडच्या डब्यात साखरच का? आणि तीही कसली — दाणा अगदी बारीक, हॉटेलात पुडीत मिळते तसली. घरच्या बरणीत हात घालायचाही यांना कंटाळा.

दोन चमचे घातली होती. पुढच्या खेपेला चार.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

काल संध्याकाळी चार चमचे घालून लावला. आवाजावरूनच कळलं जमणार — पीठ भांड्याला चापट्या मारत फिरत होतं. कोरडं असलं की मोटर कण्हते, पातळ असलं की नुसती पचपच. मोटरींचं वाइंडिंग करण्यात, जळालेल्या तारा नव्यानं गुंडाळण्यात हयात गेली, कान तयार आहेत. हे ब्रेडचं मशीनही असंच मिळालं. गिऱ्हाईक दुरुस्तीला टाकून परदेशी गेलं ते गेलंच. मी पट्टा बदलला, चालू झालं.

ब्रेड आम्हाला कुठे लागतोय एवढा? अक्षतासाठी हा उद्योग. लग्न होऊन बोरीवलीला गेली तेव्हापासून मनात आहे, त्या घरात पोरीची मान वर राहावी. व्याही श्यामसुंदरराव ट्रॉम्बेच्या अणुकेंद्रात मोठ्या हुद्द्यावर होते. माझा बाप गिरणीत. लग्नात त्यांच्याकडच्या कुणीतरी "मुलीचे वडील मोटर वाइंडिंगवाले" असं हळू आवाजात सांगितलेलं मी तीन रांगा पुढे बसून ऐकलंय. असू दे. दर शुक्रवारी माहेरचं काहीतरी ताजं त्यांच्या टेबलावर गेलं पाहिजे.

सोमवार, १० नोव्हेंबर

डबा. साखर. तीच बारीक.

शौनक म्हणाला, "मस्त होता."

बुधवार, १२ नोव्हेंबर

अक्षताचा फोन. विचारलं, ब्रेड आवडला का गं सगळ्यांना? "हो बाबा." आणि तुला? "पाठवत राहा ना."

आवाज घुमत होता. "कुठून बोलतेस?" तर म्हणे गॅलरीतून. गॅलरीत आवाज घुमतो होय? बाथरूममध्ये उभी होती, बादलीत पाणी पडल्याचं ऐकू येत होतं. म्हणजे सासू बाहेर बसलेली असणार, आणि ब्रेडबद्दल पोरीला मोकळेपणी बोलता येत नसणार.

साखरेचंच आहे सगळं. माझी खात्री झाली.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

सहा चमचे. वरून काळा पडला, मधोमध खड्डा. साखर जास्त झाली की फुगतो आणि मग बसतो, तसा बसला.

सुलक्षणा म्हणाली, "ह्यो पाठवतास? लोकांच्या घराक?"

पाठवला. घ्या म्हणावं साखर.

सोमवार, १७ नोव्हेंबर

पुन्हा साखर!

दोन चमच्यांना हेच उत्तर, चारांना हेच, सहांनाही हेच. या विहीणबाईंना, जयंतीबाईंना हवंय तरी काय?

दिवसभर पाडव्याची संध्याकाळ डोक्यात. फराळाला आले होते सगळे. मी हौसेनं मशीन दाखवलं. जयंतीबाई म्हणाल्या, "मासळी साफ करता, त्याच ओट्यावर ठेवता का हो हे?" आणि हसल्या. व्याही हसले, शौनक हसला. मीही हसलो, त्यांच्यापेक्षा मोठ्यानं. गिऱ्हाइकासमोर हसत राहायची सवय. अक्षता तेवढी ताटात बघत होती.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

साखर बंद. तिच्या जागी तीन चमचे मीठ. यीस्ट मेलं, ब्रेडची वीट झाली. सुलक्षणाला न दाखवताच डब्यात भरला आणि शौनकच्या हातात दिला.

बघू आता काय म्हणतात.

सोमवार, २४ नोव्हेंबर

"एकदम झकास होता, बाबा. डबा मात्र राहिला घरी. सॉरी हां."

बेअरिंग जायच्या आधी मोटर बारीक शीळ घालते. तशी ऐकली त्याच्या बोलण्यात.

म्हणजे कुणी तोंडातच घालत नाही. आठवड्यामागून आठवडे मी चमचे मोजतोय आणि तिकडे माझा ब्रेड झाडूवाल्याच्या पिशवीत जातोय. आणि माझी पोरगी म्हणते, हो बाबा, आवडला! तीही त्यांच्यातलीच झाली.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

अक्षताला फोन केला. म्हटलं, यापुढे ब्रेड येणार नाही. तुमच्याकडे कचऱ्यात टाकायला माझं पीठ वर आलेलं नाही. एवढे नाजूक झालात तर तसं तोंडावर सांगायचं.

ती म्हणाली, "बरं, बाबा." नळ सोडल्याचा आवाज आला. मी फोन ठेवून दिला.

मशीन पोटमाळ्यावर टाकलं.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

डबा आला. रिकामा. अक्षताच घेऊन आली, रिक्षानं, बरोबर दोन बॅगा.

तिकडे ब्रेडला कुणी शिवतच नव्हतं — मासळीच्या घरचा म्हणून. पाडव्यापासून तिलाही स्वयंपाकघरात यायला मनाई. शौनक गप्प. ही आपल्या खोलीत दार लावून एकटी खायची. डब्यात साखर हीच घालायची, आपल्या ऑफिसातल्या चहाच्या पुड्यांतली — रिकामा डबा बघून आम्हाला कळू नये म्हणून.

"मिठाचा पण खाल्लास?"

"तो पण."

मशीन खाली काढलं. पीठ घातलं, पाणी घातलं. साखर किती, तेवढं विचारलं.

"पहिला बरा होता, बाबा. दोनच घाला."