आईच्या मापाची खुर्ची

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
ठकीचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. आठ दिवसांसाठी नेलेली आई तीन महिने झाले तरी परत का आली नाही, हे तू एकाच पत्रात तीनदा विचारलं आहेस, तेव्हा आधी त्याचंच उत्तर देते. अगं, नवं घर अजून लागलेलंच नाही. स्वयंपाकघर आणि झोपायची खोली उरकली, पण बाहेरची खोली भलतीच अडनिडी निघाली. लांबट, दोन दारं, एकच खिडकी आणि बरोब्बर मधे खांब. तुझ्या मेहुण्यांचं काय, घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, त्यांनी पहिल्याच दिवशी भिंतीवर सहा घड्याळं टांगली आणि म्हणाले, झाली खोली.

आईने सोफा तीनदा हलवला. आधी खिडकीखाली ठेवला, तर पाठीवर ऊन. मग भिंतीला लावला, तर दार उघडलं की त्याच्या हातावर आपटायचं. आता खांबाकडे पाठ करून तिरका ठेवलाय आणि तो चक्क बरा दिसतोय. मी ढकलते आणि ती हुकूम सोडते. तिला आता काय जोर आलाय ते बघायला हवंस! तोंड धुऊन झालं रे झालं की सुरू, ठकी, ती सतरंजी काही मला पटलेली नाही, उचल.

बाबांनी माझ्या लग्नात केलेली खुर्ची खिडकीशी ठेवली आहे. दुपारी आई तीत बसते आणि खोलीकडे बघत पुढचे बेत करते. तू इतक्या लोकांच्या बैठकी सजवतेस, सोफे बांधतेस, तर मलाही चार गोष्टी सांग ना. खोलीचा नकाशा सोबत आहे. खांब म्हणजे तो गोल, शाईचा डाग नव्हे.

तुझा लोभ आहेच, पण ह्या वेळी तो थोडा रागावलेला वाटला. तो निवळावा ही विनंती.

तुझी,
ठकी

११ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. (त्यातला एखादा मागे घ्यावा असं वाटतंय, पण एकदा लिहिलं ते लिहिलं.)

आधी तुझी खोली. सोफा आणि टीपॉय यांच्यात हातभर जागा सोड, म्हणजे गुडघे आपटणार नाहीत आणि कपही हाताला येईल. दोन दारांमधली येण्याजाण्याची वाट मोकळी ठेव, माणसाला सामानाला वळसे घालत चालायला लावू नकोस. खांबाला लागून पुस्तकांची बुटकी मांडणी कर, तो आपोआप कामाला लागेल. पडदे खिडकीपुरते नकोत, जमिनीपर्यंत सोड. उशा सगळ्या एका रंगाच्या घे. आणि सहातली पाच घड्याळं उतरव, एका घरात सहा वेळा लागत नाहीत.

आता माझं. खोटं कशाला बोलू, मला हेवा वाटतो. आई इथे वर्षभर होती. बाबा गेल्यावर तिला एकटं वाटू नये म्हणून मी कारखान्याच्या वरची बैठक नव्याने केली. बिस्किटी रंगाचा सोफा, जमिनीला टेकणारे पडदे, पितळी दांड्याचा उंच दिवा, काचेचं टीपॉय. गिऱ्हाइकं मुद्दाम जिना चढून येतात आणि दारातच तोंडात बोट घालतात. त्या खोलीत आईने वर्षभरात एक उशीसुद्धा इकडची तिकडे केली नाही. सोफ्याच्या टोकाला हात मांडीवर ठेवून बसायची आणि छान आहे हो, म्हणायची. आणि तुझ्या त्या खांबवाल्या खोलीत ती सोफे हलवते! माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या तर माझं काय चुकलं?

वर बाबांची खुर्चीही तुझ्याकडेच. तुला लग्नात खुर्ची मिळाली आणि मला काय मिळालं, तर कारखाना. करवती, खिळे आणि पाठदुखी. मला नाही कुणी खुर्ची केली. असो.

मी ठरवलंय, आईसाठी खुर्ची करायची. तुझ्या खुर्चीच्या तोंडात मारेल अशी. बाबांच्या पद्धतीने तिचं माप घे. एक सुतळी घ्यायची, टाचेपासून गुडघ्यापर्यंत पहिली गाठ, तिथून कंबरेपर्यंत दुसरी, आणि माणूस बसल्यावर बैठकीपासून कोपरापर्यंत तिसरी. इंच-फूट काही नको. तुला आठवत असेल, बाबा टेपला हात लावायचे नाहीत. डोळा फसतो, टेप सरकते, सुतळी खोटं बोलत नाही. आईला कळू देऊ नकोस. पोलक्याचं माप घेतेय म्हणून सांग.

लोभ आहेच. सध्या तो निम्मा तुझ्यावर आणि निम्मा तुझ्याविरुद्ध आहे.

तुझी,
ताई

१९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पडदे सोडून बाकी सगळं तू सांगितल्याबरहुकूम केलं. खोली अशी दिसायला लागली की मला माझ्याच घरात चपला काढून आत यावंसं वाटेना. आईने दोन दिवस कशालाही हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी मी बाजारातून आले तर उशा रंगीबेरंगी, टीपॉय खिडकीशी आणि दोन घड्याळं परत भिंतीवर. पुस्तकांची मांडणी आणि मोकळी वाट मात्र तिने तशीच ठेवली. ते थोरलीचं डोकं आहे, त्याला हात लावू नकोस, म्हणाली.

आणि हेव्याचं म्हणशील तर तू एकटीच जळतेस असं समजू नकोस. दिवसभर माझ्या घरात तुझाच जप चालतो. थोरलीचे पडदे कसे चुणीला चूण लावून पडतात. थोरलीच्या हातची शिवण उसवत नाही. थोरली एकटीने कारखाना चालवते. मी इथे सोफे ढकलून ढकलून कंबर मोडून घेतेय आणि कौतुक तुझं! परवा मी चिडून म्हटलं, मग तिकडेच का राहत नाहीस? तर म्हणाली, तिकडे मला काम काय?

सुतळीचं सांगायचं तर माझी फजिती झाली. पोलक्याचं माप गुडघ्यापासून कसं सुरू होतं, असं तिने पहिल्याच गाठीला विचारलं. सुताराच्या बायकोला फसवायला निघाले मी! मग सगळं सांगून टाकलं. ती हसली. उरलेल्या गाठी तिने मला नीट मारून दिल्या आणि म्हणाली, हे पत्र उघडंच राहू दे, सुतळी मी घालते आणि पाकीटही मीच टपालात टाकते, तू घातलीस तर गाठी सुटतील. माझ्या कामावर कुणाचा भरवसा नाही तो नाहीच.

खुर्ची लवकर कर, पण आईला न्यायची घाई करू नकोस. खिडकीचे पडदे अजून व्हायचे आहेत. (हो, मुद्दाम रखडवतेय. जळ आता.)

निम्मा का होईना, लोभ असू दे.

तुझी,
ठकी

१२ मार्च

चि. ठकीस,
आशीर्वाद, अनेक आणि ह्या वेळी बिनशर्त, कारण खुर्ची झाली!

जुन्या सागवानाची केली. पाठ किंचित कललेली, हात रुंद ठेवलेत, म्हणजे चष्मा आणि चहा दोन्ही मावतील. बैठक आतून नारळाच्या काथ्याची, वर कापूस, स्प्रिंग नाही, कारण स्प्रिंग आईला उठताना ढकलते. कापड तिच्या आवडीचं, गडद हिरवं. गिऱ्हाइकांची दोन कामं मागे ठेवली. माझ्या जन्मात मी असं केलेलं नाही.

एक मात्र विचारायचं होतं. तुझ्या सुतळीप्रमाणे आईचा गुडघा बराच वर येतो. मला ती बुटकी आठवते. बैठक कापताना माझा हात थांबला होता. मग बाबा आठवले, डोळा फसतो, सुतळी नाही. वर्षभर जिला रोज पाहिलं तिची उंचीसुद्धा मला धड आठवत नाही, असं वाटून मन खट्टू झालं. गाठींवर विश्वास ठेवून कापलं.

आता ऐक. खुर्ची दिव्याशेजारी मांडली आहे. सोफा अर्धा हात सरकवून तिला जागा केली. तू तुझे पडदे हवे तर वर्षभर शिव, पण आईला पाठव. तुझ्याकडे नवरा आहे, घड्याळांची टकटक आहे. माझ्याकडे जिना चढून वर आलं की बिस्किटी सोफा आणि मी. गिऱ्हाइकं वाखाणतात आणि निघून जातात. मला ती हवी आहे, ठकी. हे एकदा स्पष्ट लिहिते, पुन्हा लिहायला लावू नकोस.

लोभ पुरता तुझ्यावर ठेवला आहे. त्याबदली आई दे.

तुझी,
ताई

२० मार्च

चि. थोरलीस,
आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

ठकीला आलेली तुझी पत्रं मी वाचली. तिने दिली नाहीत, टीपॉयवर होती. तुम्ही दोघी मला वाटणीच्या भांड्यासारखं ओढताय आणि मला विचारत कुणीच नाही, म्हणून मीच लिहायला बसले.

सुतळी माझी नव्हती. ठकीने घेतलेलं माप मी काढून ठेवलं आणि दुसरी सुतळी घातली. ती तुझी.

तुला कुणी खुर्ची केली नाही, असं तू लिहिलंस. खोटं आहे ते. ठकीच्या लग्नाच्या वेळी ह्यांनी दोघींची मापं एकाच दिवशी घेतली. तुझ्या खुर्चीचं लाकूडही काढून ठेवलं होतं. तूच म्हणालीस, बाबा, माझं राहू दे, आधी गिऱ्हाइकाचं. पुढच्या वर्षी त्यांनी विचारलं, तर आधी गिऱ्हाइकाचं. दर वर्षी विचारत, दर वर्षी तेच. शेवटी त्यांनी तुझी सुतळी माझ्याकडे दिली आणि म्हणाले, ही पोरगी दुसऱ्याचं असल्याशिवाय काही करायची नाही. तेव्हापासून ती मी पेटीत जपली होती. गेल्या महिन्यात त्या जुन्या सुतळीवरून नवीवर गाठी मारल्या, म्हणजे तुला संशय येऊ नये.

आता मी वर्षभर का बोलले नाही ते सांगते. मी एक उशी उचलली की तू यायचीस आणि थोपटून जागच्या जागी ठेवायचीस. मी बसायचे आणि तू दाराशी उभी राहून खोलीकडे बघायचीस. वर्षभरात त्या खोलीत तू बसलेली मला आठवत नाहीस. उभ्या माणसासमोर पाहुण्यालासुद्धा पाय पसरता येत नाहीत, बाई. इथे ठकीला काही म्हणता काही जमत नाही, म्हणून मी घरची होते. तुझ्याकडे सगळं जमलेलं होतं.

रागावू नकोस. त्या खुर्चीत बस. उठायचं नाही, झटकायचं नाही, निदान तासभर. मग मला लिही.

लोभ मागून घ्यायचा नसतो, पोटच्या पोरीने तर नाहीच.

तुझी,
आई

२७ मार्च

ती. आईस,
थोरलीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि आधी खूप राग आला. तुझा, ठकीचा, सगळ्यांचा. ठकीला ह्यातलं काही ठाऊकही नाही, पण सवयीने तिचाही आला. तीन दिवस खुर्चीकडे बघितलंही नाही. ते लाकूड मात्र शोधलं. कारखान्यातल्या फळ्यांच्या मागे बाबांच्या पेन्सिलीची खूण असलेलं सागवान असायचं, ते दिसेना. मग लक्षात आलं की हेच मी कापलं. जुनं आणि चांगलं वाळलेलं म्हणून मीच निवडलं होतं.

काल दुपारी कारखान्याला कुलूप लावलं आणि बसले. पाय जमिनीला टेकले, कोपर हातांवर आलं, पाठ जिथे दुखते तिथेच टेकली. मी रडले. हे तुला सांगायला हरकत नाही, ठकीला सांगू नकोस.

मग रडणं आवरलं आणि समोर बघितलं. आई, तो दिवा सरळ डोळ्यांवर येतो! उभं राहिलं की छत्रीचा काठ आड येतो, बसलं की उघडा बल्ब दिसतो. टीपॉयवरचा कप घ्यायला अर्धं उठावं लागतं. खिडकीतून बाहेरचं काही दिसत नाही, नुसत्या माझ्या चुणीला चूण लावलेल्या पडद्याच्या घड्या. लोकांना मी सांगते गुडघ्यांसाठी किती जागा सोडा आणि कप कुठे ठेवा, आणि माझी स्वतःची बैठक मी दारात उभी राहून केली. गिऱ्हाइकंही दारातूनच बघतात, त्यामुळे कुणाला कळलं नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! तू वर्षभर त्या बल्बसमोर डोळे बारीक करून छान आहे हो, म्हणत राहिलीस. का म्हणालीस? एकदा तरी ओरडायचंस.

दिवा भिंतीकडे वळवला आहे. पडदा एका बाजूला बांधून टाकला, आता समोरच्या घराची गच्ची आणि वाळत घातलेले कपडे दिसतात, बरं वाटतं. काचेचं टीपॉय गिऱ्हाइकाला देऊन टाकलं. बाकी काहीच केलं नाही. सोफा चुकीच्या जागी आहे हे मला कळतंय, पण तो तसाच ठेवलाय. तो मी हलवायचा नाही. तू हलव.

हेवा अजून गेलेला नाही, हेही लिहून ठेवते. ठकीचे पडदे होईपर्यंत राहा, पण एका खिडकीला किती दिवस लागतात हे मला माहीत आहे, माझा धंदाच तो आहे.

माझ्या खुर्चीशेजारी एक खुर्ची मावेल एवढी जागा रिकामी केली आहे. सुतळी पाठव. ह्या वेळी तुझी.

तुझी,
बसून लिहिणारी,
थोरली