संघप्रियाने लखनौला जावे म्हणून

हे लिहायला उशीर झाला, त्याबद्दल घरातल्या सगळ्यांची आधी माफी मागतो. बायको नागूबाई गेली तेव्हाच लिहायला हवे होते. पण कागद पुढे घेतला की पुन्हा घडी घालून ठेवायचो. वाटायचे, लिहून झाले की लगेच बोलावणे येईल. आता नात संघप्रिया हिच्या लखनौच्या जागेची मुदत सोमवारी संपते, म्हणून धीर करून बसलो आहे.

मी, हरिदास येडू सरवदे, राहणार बुधवार पेठ, सोलापूर, धंदा गवंडीकाम (आता बंद), शिक्षण सातवी नापास, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. घरात नात डॉक्टर असताना बाहेरच्यांची सही कशाला, असे मी वकीलसाहेबांना विचारले. ते म्हणाले, जिला घर मिळणार तिची सही चालत नाही. बाहेरच्या डॉक्टरांनी मला विचारले, "आजोबा, आज वार कोणता?" मी म्हणालो, "बुधवार. आन् सोमवार किती जवळ आलाय तेबी म्हायती हाय." त्यांनी हसून सही केली.

कलम १. माझी माणसे. पत्नी नागूबाई वारली. मुलगा सतीश, एसटीच्या वर्कशॉपमध्ये आहे, निर्व्यसनी आहे, फक्त हट्टी आहे. सतीशची एकुलती मुलगी संघप्रिया. ती एमबीबीएस झाली, मग एमडी झाली, आणि सध्या नातेपुत्याच्या सरकारी दवाखान्यात काम करते. आता तिला रक्ताचे आजार आणि रक्ताचा कॅन्सर यांचे पुढचे शिक्षण घ्यायला लखनौला जागा मिळाली आहे. तीन वर्षे राहावे लागते. सोमवारपर्यंत हजर झाली नाही तर जागा दुसऱ्याला जाते.

ती जात नाही म्हणते. कारण मी आहे.

हे कलमात बसत नाही, तरी लिहितो. माझ्या हाडातल्या मगजात रक्त बनायचे कमी झाले आहे. म्हणून पानथरी, म्हणजे डॉक्टर जिला प्लीहा म्हणतात ती, वाढून बेंबीपर्यंत आली आहे. सुरुवातीला पोट दिसू लागले तेव्हा सगळे खूश झाले. जन्मभर विटा उचललेल्या माणसाला पोट सुटले म्हणजे बरे दिवस आले, असेच आमच्यात धरतात. माझा जोडीदार शिवप्पा तर चौकात ओरडायचा, "काय सावकार, आता धोतर मोठं घ्या की!" मीही पोटावरून हात फिरवून मिरवायचो. फक्त अर्ध्या भाकरीत पोट भरायचे. पेठेतल्या डॉक्टरांनी बरगडीखाली दाबून पाहिले आणि गॅसची गोळी दिली.

संघप्रिया तेव्हा एमडीला होती. सुट्टीला आली, माझ्या ताटातली उरलेली भाकरी बघितली आणि म्हणाली, "आबा, आडवं व्हा." हात आधी एकमेकांवर घासून गरम केले. मग उजवीकडून, अगदी खालून, दाबत दाबत वर आली. मध्येच थांबली. मोठ्या झालेल्या पानथरीची कड खालीच असते, वरून चाचपले तर सापडत नाही, हे तिने मला नंतर सांगितले. तपासण्या झाल्यावर ती ओट्यावर माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "आबा, हा कॅन्सरच हाय. पण सावकाश चालणारा हाय." मी विचारले, "म्हंजे मी किती चालंन?" ती म्हणाली, "बघू की. मी हाय संगं."

नागूबाईच्या वेळी असे कोणी ओट्यावर बसले नाही. तिच्या पायांवर जांभळे ठिपके आले, हिरड्यांतून रक्त यायला लागले. आम्ही पित्त समजून कोकम दिले, रक्त वाढावे म्हणून बीट आणि खजूर दिला. खाताना ती म्हणायची, "आता मलाच बीट म्हणून विकाल." आजाराचे नाव कळायला परक्या गावच्या मोठ्या दवाखान्यात जावे लागले. तिथे जिन्यात उभ्या उभ्या एका डॉक्टरने रक्ताचा कॅन्सर एवढेच सांगितले आणि तो पुढे गेला. लिफ्टमन म्हणाला, "बाबा, बाजूला व्हा." शाळकरी संघप्रिया माझे बोट धरून होती. आता जागा मिळाली तेव्हा, लखनौला काय शिकवतात, असे मी तिला मुद्दाम विचारले. ती म्हणाली, "मगज तपासायचा, कुणाचा कुणाला चालतो ते बघायचं, औषध किती द्यायचं, कधी थांबवायचं. आणि घरच्यांशी कसं बोलायचं, तेबी." शेवटचे तर शिकलेच पाहिजे.

कलम २. घर. बुधवार पेठेतले घर मी स्वतः बांधले आहे. खालच्या दोन खोल्या आणि वरची एक, सगळे संघप्रियाला द्यावे. सतीश आणि सूनबाई हयात असेपर्यंत तिथेच राहतील, त्यांना कोणी ऊठ म्हणायचे नाही.

पुढच्या भिंतीबद्दल वेगळे लिहितो. भिंत फोडून, शटर बसवून, आत संघप्रियाचा दवाखाना काढायचा सतीशचा विचार आहे. त्याने पाटीही रंगवून आणली. गेल्या रविवारी यावरूनच भांडण झाले. सतीश म्हणाला, "अप्पा, शिकून शिकून किती शिकंल ती? दवाखाना काढला तर घरात राहील, तुमच्याकडं बी बघंल. तिच्या लग्नाच्या वयाचं बी बघा की जरा."

मी म्हणालो, "भिंतीला हात लावायचा न्हाय. वरचा सगळा स्लॅब तिच्यावर हाय."

"बीम टाकू की!"

"टाकशील रं, पोरीच्या शिक्षणावर टाकशील!"

संघप्रिया मध्ये पडली. "आबा, भिंत राहू द्या. तुमाला रक्त चढवायला कोण नेणार? रात्री ताप आला तर आईला कळणार हाय का? मी तितं शिकत बसायचं आन् हितं तुमी..." पुढचे तिने गिळले. मी म्हणालो, "मग मरतोच की आता, म्हंजे तू मोकळी." हे मी बोलायला नको होते. ती जेवण न करता नातेपुत्याच्या गाडीत बसली. तेव्हापासून फोन उचलत नाही. सूनबाईला मेसेज येतो, मला येत नाही.

कलम ३. संघप्रिया सोमवारी हजर झाली नाही, तर तिला घर न देता ते विहाराला द्यावे.

कलम ४. वरचे कलम तीन रद्द. लिहून रात्रभर झोप लागली नाही. लेकराला घराची भीती घालणे बरे नाही. शिवप्पाही म्हणाला, "हरिदासण्णा, घर देतोस का दम देतोस?" घर तिचेच. ती गेली तरी, न गेली तरी. वकीलसाहेब म्हणाले, कागद पुन्हा स्वच्छ लिहा. माझा हात थरथरतो, तेव्हा खाडाखोड आहे तशीच राहू द्यावी.

ती शिकून आल्यावर इथेच बसते म्हणाली, तर आधी बीम टाकून, टेकू देऊन, मग भिंत फोडावी. त्याला माझी ना नाही. पाटी तोवर माळ्यावर ठेवावी, रंगाला ऊन लागू देऊ नये.

कलम ५. हत्यारे. थापी, गिलाव्याचा रंधा, ओळंबा आणि पत्र्याचे घमेले शिवप्पाला; तो साक्षीदार असला तरी हत्यारांपुरती हरकत नाही, असे वकीलसाहेब म्हणाले. तो अक्कलकोटकडचा, मी इथला. तो कानडीत शिव्या द्यायचा, मी मराठीत, पण भिंत सरळ यायची. घमेल्याला भोक आहे हे त्याला माहीत आहे, नंतर तक्रार करू नये.

कलम ६. नागूबाईच्या लुगड्यांची वाकळ संघप्रियाने लखनौला न्यावी. तिकडे थंडी फार असते म्हणतात. हॉस्टेलच्या पोरी हसतील म्हणून पेटीत ठेवू नये.

कलम ७. गल्लीतली बजाबाई नळावर सगळ्यांदेखत म्हणाली, "रक्ताची डॉक्टर म्हंजे रक्तच काढायचं ना? त्ये तर लॅबातलं पोरगंबी काढतंय." याचा मला फार राग आहे. पण नागूबाईच्या आजारात तिनेच आमच्या घरी भाकरी करून दिल्या. म्हणून माझी लोखंडी खुर्ची बजाबाईला द्यावी. पुन्हा तसे बोलली तर खुर्ची परत आणावी.

कलम ८. देह. माझा देह मेडिकल कॉलेजला द्यावा. विहारात त्रिशरण-पंचशील घेऊन पुण्यानुमोदन करावे, एवढे पुरे. डॉक्टरांच्या परीक्षेला मला पेशंट म्हणून बोलावतात. कॉटवर झोपायचे, चहा-पोहे मिळतात, आणि आजाराचे नाव परीक्षा देणाऱ्याला सांगायचे नाही, अशी ताकीद असते. गेल्या वेळी एका मुलीचा हात माझ्या पोटावर इतका कापत होता की मीच म्हणालो, "भिऊ नका डॉक्टरबाई, मलाबी भ्या वाटतंय." ती हसली आणि हात कापायचा थांबला. जिवंतपणी माझ्यावर पोरे शिकलीच आहेत, पुढेही शिकावीत. फक्त चेहरा झाकावा, आणि शक्य असेल तर मला अहो-जाहो करावे.

कलम ९. माझे औषधपाणी. हे मृत्युपत्रात लिहीत नाहीत, पण याच्यावाचून ती जाणार नाही. रक्त चढवायला शिवप्पा आणि त्याचा मुलगा बसवराज रिक्षाने नेतील, तसे त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून कबूल केले आहे. ताप बघायला सूनबाई शिकली. काल तिने तीनदा बघितला, मला कंटाळा आला. तरीही मी या तीन वर्षांत जाईन, असे मला वाटते. तेव्हा, पोरी, तू वॉर्डात असशील. मला भीती वाटणार नाही असे खोटे लिहीत नाही. तू जवळ असावीस असेच वाटेल. पण त्या दिवशी तुझ्यासमोर जे कोणी पेशंटचे नातेवाईक उभे असतील, त्यांना आधी खाली बसव, सगळे सांग, आणि मगच निघ. उशीर झाला तर माझी काही तक्रार नाही.

हे सर्व वाचून, समजून सही केली.

हरिदास येडू सरवदे

साक्षीदार: १) शिवप्पा (सही कानडीत), गवंडी
२) यशपाल, बुद्धविहाराचे सेक्रेटरी

स्थळ: सोलापूर. गुरुवार, दिनांक १० जुलै २०२५.

सहीच्या खाली लिहिलेले कायदा धरत नाही, असे वकीलसाहेब म्हणाले. म्हणून हे खाली लिहितो, हुकूम समजू नकोस. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात, मी मात्र याची झेरॉक्स उद्या सकाळच्या नातेपुते गाडीच्या कंडक्टरकडे देतो आहे. सतीश पाटी माळ्यावर ठेवून आला. मग आपणहून स्टेशनवरही जाऊन आला, लखनौकडे जाणाऱ्या शनिवारच्या गाडीला अजून जागा आहे म्हणतो. पोरी, रागावलेली असलीस तरी चालेल. तिकीट काढू का, एवढे लवकर कळव.