घटाच्या दिव्याला आलेल्या माश्या

आबा, तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. तुम्ही असताना मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि पोस्टमनकडून वाचून घेतलं असतं तर सगळ्या गावाला कळलं असतं. आज लिहितेय कारण हे दुसऱ्या कुणाला सांगावंसं वाटत नाही. दमलेय फार. पण हे सांगून झाल्याशिवाय अंथरुणाला पाठ लागेल असं वाटत नाही.

भाद्रपद लागताना आमच्या गॅलरीच्या छताला आग्या मोहोळ बसलं. आठ-दहा दिवसांत सुपाएवढं झालं. गॅलरीला लागूनच माझं देवघर, मधे एक खिडकी, तिची एक काच गेल्या पावसात तडकलेली. नवी बसवायची राहिली होती, मी पुठ्ठा लावून भागवलं होतं. कपडे वाळत घालायचे बंद झाले. तुळशीला पाणी घालायचं तर डोक्यावरून पदर घ्यायचा आणि श्वास धरून जायचं. मला भीती माझी नव्हती, यांची होती. मागं कबनूरला कारखान्यात असताना यांना एकच माशी चावली होती, तर ओठ सुजून श्वास कोंडला होता. तेव्हाच डॉक्टर म्हणाले होते, पुन्हा चावली तर जिवावर बेतेल, सांभाळा. हे सगळं मला माहीत होतं, आबा. खालच्या मजल्यावरची माणसं रोज म्हणत होती, औषध मारणारा बोलवा, अर्ध्या तासाचं काम आहे. मी बोलवत नव्हते, आणि त्याला कारण तुम्ही.

ताईच्या लग्नातला तो दिवस मला परवाचा वाटतो. स्वयंपाकघरामागच्या फणसाला असंच मोहोळ लागलेलं. चुली तिथंच मांडायच्या, धूर वर जाणार, वऱ्हाड दुपारी येणार. सगळे म्हणतायत, टेंभा लावा नि जाळा. तुम्ही मात्र चुली उचलून शेजारच्या परड्यात नेता, मांडवाचे खांब उपटून पुन्हा रोवता. नवऱ्या मुलाचा मामा सगळ्यांच्या देखत ओरडतो, "पावणं, पोरगी आमास्नी देताय की माश्यांस्नी?" आणि मांडवभर हशा. मला लाज वाटली. दहा वर्षांची असेन. तुमच्या धोतराला धरून मी म्हटलं, "आबा, जाळा की ते." तुम्ही हातातला खांब खाली ठेवलात. "तुजं घर हाय व्हय ते, जाळा म्हणाय?" एवढंच बोललात. लग्न लागलं, ताई रडत गेली, पण दिवस मावळेपर्यंत तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. तुम्ही राधानगरीच्या रानात मध काढायला जायचा तेव्हासुद्धा आधी झाडाच्या बुंध्याला हात लावून "आई, सर जरा" म्हणायचा, आणि पोळ्याचा वरचा भाग तिथंच ठेवून यायचा. माझ्या लग्नानंतर दर वर्षी घटाच्या आधी बाटली घेऊन यायचा, औषधाची, धुतलेली, तोंडाला फडकं बांधलेली. देवीच्या पंचामृताला तोच मध. तुम्ही गेल्यावर मी दुकानातला आणते. तो गोडच असतो, पण मला कधी पटला नाही.

वरच्या भाभींच्या भावाने शाहूवाडीकडचा एक माणूस शोधून दिला. धूर देऊन माश्या उठवतो, मारत नाही. मी फोन केला तर म्हणाला, "काकू, घरात घट बसल्यात. दसरा झाला की येतो." मलाही बरं वाटलं. माझेही घट बसलेले, नऊ दिवसांत घरात जीव मारायचा नाही, तोही मारणार नाही. भाभी म्हणाल्या, "अहो, तुमची देवी रागवायची नाही. भाईसाहेबांना आठ दिवस आमच्याकडं झोपायला पाठवा तरी." हे हसले. "माश्यांना भिऊन घर सोडू काय? सासऱ्यांचे पाहुणे आहेत, राहू देत." मीपण हसले.

सातव्या माळेला दिवेलागणीला गल्लीतली वीज गेली. सगळीकडं अंधार, उजेड फक्त माझ्या अखंड दिव्याचा. आग्या माशी दिव्यावर येते हे तुम्हीच मला सांगितलं होतंत, आबा. मी विसरले. पुठ्ठ्याच्या फटीतून एक आली, मग चार, मग मोजता येईनात. आतून हे ओरडले, "दिवा विझव! विझव तो!" आणि मी दिव्यासमोर दोन्ही हात पसरून उभी राहिले. नऊ दिवस विझू द्यायचा नाही म्हणून. नवरा हाक मारतोय आणि मी दिवा राखतेय. हे पंच्यानं माश्या हाकलायला पुढं आले आणि यांच्या मानेला एक डसली. मग मी तोंडाने फुंकर मारली. कधी नव्हे ते, तोंडाने.

रिक्षात यांचा हात माझ्या हातात होता आणि बोटं गार. भाभी पुढं बसून रिक्षावाल्यावर ओरडत होत्या, "सिग्नल बघू नको रे बाबा, माणूस बघ!" इंजेक्शन वेळेवर मिळालं. तिसऱ्या दिवशी सोडतो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरी आले, घट तसेच, दिवा काळा. मी आंघोळ केली नाही, दिवा लावला नाही, आधी औषधवाल्याला फोन केला. अष्टमी होती. तो आला तेव्हा मी खिडकीच्या आत उभी राहून बघत होते. पाऊस पडावा तशा त्या खाली पडत होत्या. पोळ्यात मध होता, औषधानं नासलेला. मी सुपलीत सगळं भरलं, तीन सुपल्या झाल्या, आणि पंचगंगेला नेऊन सोडायची ताकद नव्हती म्हणून कचऱ्याच्या गाडीत टाकलं. हे घरी आल्यावर म्हणाले, "कोण आलं होतं?" मी म्हटलं, आपोआप उठून गेल्या. भाभींना खरं माहीत आहे.

चुकून वाचलेल्या दहा-बारा माश्या अजून येतात. छताला जिथं पोळं होतं तिथं जो डाग राहिलाय, त्यावर बसून राहतात. काच बसवून घेतलीय. मी त्यांना हाकलत नाही, पण बघतही नाही.

आबा, तुम्ही विचारलं असतंत तर मी म्हटलं असतं, मला फार वाईट वाटलं. ते खरं नाही. त्या दिवशी दुपारी दवाखान्यात यांच्या पलंगाशी खाली चटईवर पडले, आणि महिन्याभरात पहिल्यांदा मला गाढ झोप लागली. हा कागद मी देवघरात तुमच्या रिकाम्या बाटलीखाली ठेवतेय. तिथं यंदाही मध नाही.