ओढ्यावरचा कठडा

१२ मे, सकाळ
ताम्हिणीच्या रस्त्यावरची मोरी पाहिली. नेमकी वळणावर आहे. ओढ्याच्या बाजूचा कठडा कुठल्याशा ट्रकने पार उडवलाय. शेजारी सारजाबाईचा ढाबा. तिने चहा दिला आणि पावसाच्या आत कठडा बांधा, धुक्यात हितं रस्ता दिसत न्हाई, हे पुन्हा पुन्हा ऐकवलं. घाबरट बाई. तरी शब्द दिला. निश्चय : पावसाआधी कठडा. दगडी. मी रिटायर झाल्यावरही उभा राहील असा.

२६ मे
एस्टिमेट साहेबांच्या टेबलावर. म्हणजे काम झाल्यातच जमा. सोनियाला सांगितलं, यंदा उत्कृष्ट अभियंत्याचं सर्टिफिकेट आपल्या घरी. ती म्हणाली, आधी बाथरूमचा नळ बघा. बायकोला व्हिजन नाही.

९ जून
एस्टिमेट परत. साहेब म्हणाले, एका मोरीसाठी टेंडर कसलं काढता, तालुक्यातल्या सगळ्या मोऱ्यांचं एकत्र करा. पटलं. माझ्याही मनात तेच होतं. तोपर्यंत डांबराची रिकामी पिंपं लाल-पांढरी रंगवून कडेला उभी केली. वर रिबन. फोटो ग्रुपवर टाकला, साहेबांनी अंगठा दिला. सारजाबाई म्हणाली, ही तर वाऱ्यानंबी हलत्यात. खेड्यात कौतुक करायची पद्धतच नाही.

२८ जून
बड्या पाहुण्यांचा दौरा. सगळी माणसं भुकूमकडचे खड्डे बुजवायला नेली. भर पावसात डांबर टाकू नये, हे मला माहीत आहे. दौऱ्याला माहीत नसतं. पाहुण्यांनी गाडीची काच खाली केली नाही, म्हणजे रस्ता आवडला. संध्याकाळी डांबर सुटलं. पावसाचा दोष.

१७ जुलै, दुपार
सकाळी कमरुद्दीनचा टेम्पो मोरीवरून ओढ्यात गेला. हा पौडचा अंडीवाला, सगळ्या ढाब्यांना माल देतो. दाट धुकं. पिंपं आधीच वाहून गेलेली. सारजाबाईने हाका मारून माणसं जमवली, दोर लावून त्याला वर काढलं. मी पोचलो तेव्हा पाण्यावर अंड्यांचे ट्रे तरंगत होते. मला बघून माणसं बाजूला झाली. शॉकमध्ये असतील. रिपोर्टमध्ये कारण लिहिलं : चालकाचा वेग. सारजाबाई म्हणते, गाडी मुंगीच्या पावलानं येत हुती. मग पडली कशी?

२३ जुलै
हॉस्पिटलात सफरचंदं घेऊन गेलो. कमरुद्दीनचा डावा पाय गुडघ्याखाली काढलाय. मी धीर दिला, सगळ्या मोऱ्यांचं टेंडर प्रोसेसमध्ये आहे म्हणून. त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. औषधाची गुंगी. त्याच्या बायकोने, बद्रुन्निसाने, सफरचंदांची पिशवी परत माझ्या हातात दिली. स्वाभिमानी माणसं.

३० ऑगस्ट
टेंडर निघालं, भरायला कोणी आलं नाही. पुन्हा काढू. पाऊस उघडला की लगेच. आचारसंहिता लागली नाही तर.

९ ऑक्टोबर
सारजाबाईचा फोन. रविवारी मोरीवर या, समदा गाव जमणार हाय, वहिनींनाबी आणा. सत्कार! शेवटी लोकांना माणसाची पारख होतेच. भाषण लिहायला घेतलं. सोनियाने विचारलं, सत्कार कशाबद्दल? म्हटलं, सततच्या फॉलोअपबद्दल.

१२ ऑक्टोबर, रविवार
नवा शर्ट. सोनियाने ठेवणीतली साडी नेसली. जाऊन बघतो तर मोरीवर कठडा उभा. दगडी, पक्का. गावाने ओढ्यातले दगड वाहून स्वतःच बांधलाय. पुढे कमरुद्दीन, कुबड्यांवर. हार कुठे दिसेना. घाईत विसरले असतील म्हणून मी भाषणाचा कागद काढला, तशी सारजाबाई समोर आली.

"सायेब, सत्काराला न्हाई बोलवलं. परवानगी न्हाई म्हणून उद्या तुमी ह्ये पाडायला याल, म्हणून बोलवलं. कमरुद्दीनभाईंच्या तोंडाकडं बगून सांगा, पाडणार न्हाई."

सगळे माझ्याकडे बघत होते. सोनियासुद्धा. मी म्हटलं, वर विचारून कळवतो.

विचारावंच लागणार. एस्टिमेटशिवायचं बांधकाम आहे.

येताना सोनिया गाडीत मागच्या सीटवर बसली. जाताना पुढे बसली होती. खड्ड्यांनी पाठ दुखली असणार.