यादीतले अकरावे नाव

२०११ सालच्या एका शुक्रवारी सकाळी, जेद्द्याच्या अल अझीझियातल्या आमच्या स्वयंपाकघरात, मी माझ्या भाच्याच्या, हम्मादच्या, अंगावरच्या पांढऱ्या शर्टावर ‘खाजणबंदर’ ही अक्षरे शिवत होते. शर्ट काढायला वेळ नव्हता, त्याची पहिली मॅच होती. “हलू नकोस, सुई लागेल,” मी म्हणत होते, आणि तो श्वास रोखून, हात वर करून उभा होता. शेवटचा दोरा मी दातांनी तोडला. खाली माझे मिस्टर हाशम गाडीचा हॉर्न वाजवत होते. बस, एवढेच. पण हा कागद लिहायला बसले आणि पहिले तेच आठवले.

मी, झुलेखा हाशम परकार, वय एकोणसाठ, शिक्षिका, मूळ राहणार खाजणबंदर, जिल्हा रत्नागिरी, सध्या मुक्काम जेद्दा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. मला कोणी धाक घातलेला नाही आणि गोड बोलून माझ्याकडून काही लिहूनही घेतलेले नाही. पंचवीस तारखेला माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर फार हसून बोलतात, म्हणून जास्त भीती वाटते.

१. मी इथे गेले तर इथेच दफन करावे. मला विमानाने गावी नेण्याची खटपट करू नये. हाशमची कबर इथेच आहे.

२. मला मूल नाही. शरीयतप्रमाणे माझा एकमेव वारस माझा सख्खा भाऊ उमैर. मालमत्तेचा फक्त एक तृतीयांश भाग मी माझ्या मर्जीने देऊ शकते. खाली दिलेले सर्व त्या मर्यादेत बसते, हे मी मौलवीसाहेबांना आणि वकिलांना विचारून घेतले आहे. रत्नागिरीचा फ्लॅट आणि बाकीचे सगळे उमैरचे. त्याने माझ्याशी कधी भांडण केले नाही, कारण तो कधी फोनच करत नाही.

३. हे कलम मालमत्तेचे नाही. तरीही ते माझ्या हॉलमध्ये, खाजणबंदरच्या सगळ्या मंडळींसमोर, हम्माद हजर असताना मोठ्याने वाचावे.

हम्माद माझ्या धाकट्या बहिणीचा, मरहूम मुन्नीचा मुलगा. मुन्नी गेली तेव्हा तो वीस वर्षांचा होता. आम्ही त्याला जेद्द्याला आणले. लग्न होऊन अल खफजीला नोकरीवर जाईपर्यंत तो सात वर्षे आमच्या घरी राहिला. आमच्या कोकणी टूर्नामेंटमध्ये प्रत्येक टीम एका गावाची. बाहेरचा माणूस चालत नाही. अकरा जणांची यादी गुरुवारी संध्याकाळी द्यावी लागते, आणि एकदा दिली की बदलत नाही. चोवीस वर्षे मी या टीमचा स्कोअर लिहिला. पहिली कित्येक वर्षे बाईमाणसाने मैदानावर बसायची सोय नव्हती, म्हणून गाडीत बसून, काच अर्धी खाली करून लिहिला. रत्नागिरीत सिस्टरांच्या शाळेत थ्रोबॉलचे गुण लिहायला शिकले होते, ते इथे कामी आले.

या वर्षी सतरा ऑक्टोबरला फायनल होती. गुरुवारी आमचे मॅनेजर उदय सुर्वे म्हणाले, “भाभी, हम्माद खफजीहून येतो की नाही, भरवसा नाही. श्रीपादचं नाव घालू या. तीन वर्षं पोरगा राखीव बसलाय.” मी हम्मादला फोन लावला. तो म्हणाला, “खाला, तिकीट काढलंय. नाव दे माझं.” मी उदयच्या हातातले पेन घेऊन अकरावे नाव यादीत आणि माझ्या वहीत स्वतः लिहिले.

शुक्रवारी सकाळी त्याचा मेसेज आला: “ड्युटी लागली. सॉरी खाला.”

आम्ही दहा जण खेळलो. बदली म्हणून श्रीपादला फिल्डिंग करता आली, बॅटिंग नाही. तीन धावा हव्या होत्या, सात बॉल शिल्लक होते आणि आमची नववी विकेट पडली. श्रीपाद सीमारेषेवर बॅट घेऊन उभा होता. आपल्याला कोणी बोलावणार नाही हे त्याला माहीत होते. तरी उभा होता.

संध्याकाळी सगळे नेहमीप्रमाणे माझ्याकडे चहाला आले.

“आमच्या वेळी जुबैलहून रात्रभर गाडी चालवून माणसं मॅचला यायची,” उदय म्हणाले.

“आणि तू पहिल्या बॉलला आऊट होऊन कबाब खायला जायचास,” टीमचा जुना खेळाडू शाहिद म्हणाला. सगळे हसले. मग तोच म्हणाला, “हल्लीच्या पोरांची कमिटमेंट गुरुवारी इन्शाल्ला आणि शुक्रवारी फोन बंद. भाभी, राग येऊ दे, पण ड्युटीबिटी काही नाही. तुझ्या हम्मादनं खोटं सांगितलंय.”

मी उभी राहिले. “माझ्या घरात माझ्या पोराला खोटारडा म्हणणारा माझा चहा पिणार नाही. खलास.”

शाहिदने अर्धा कप खाली ठेवला, चप्पल घातली आणि गेला. शेजारच्या सोफ्यावर वीस वर्षे बसलेला माणूस. त्यानंतर तो आलेला नाही.

नऊ दिवसांनी हम्मादच्या बायकोने, अरवाने, मला एक व्हिडिओ पाठवला. सोबत लिहिले होते, “खाला, बघा तुमचा हम्माद काय खेळला!” तिला कसलीच कल्पना नव्हती. कंपन्यांची टूर्नामेंट, लाल शर्ट, मागच्या फलकावर तारीख सतरा ऑक्टोबर. कोणीतरी विचारते, “आज तुमच्या गावची फायनल ना?” हम्माद हसून म्हणतो, “खाला आहे तिकडे. गाडीत बसून रेघा मारते आणि तिला वाटतं टीम तीच चालवते.”

मी त्याला फोन केला. “एवढं काय खाला, मॅचच तर होती,” तो म्हणाला.

मॅचच होती. पण मी त्याच्यासाठी श्रीपादचे नाव डावलले आणि शाहिदला घरातून काढले. हे दोन्ही मी केले, हम्मादने नाही. महिना होत आला. मी कोणालाही व्हिडिओ दाखवला नाही आणि शाहिदला फोन केला नाही. जिवंतपणी धीर झाला नाही, म्हणून इथे लिहिते: शाहिद, तू खरे बोलत होतास.

४. चोवीस वर्षांच्या स्कोअरच्या वह्या शाहिदला. शेवटच्या वहीतले अकरावे नाव खोडू नये. अक्षर माझे आहे, ते तसेच दिसू दे.

५. गाडी श्रीपादला. एसी दुरुस्त करून घ्यावा.

६. बिर्याणीचे मोठे पातेले टीमचे. ते उदयच्या घरी ठेवू नये. सरोजवहिनी भांडी उसनी देतात आणि विसरतात.

७. मुन्नीच्या सोन्याच्या बांगड्या माझ्याकडे ठेवायला दिलेल्या होत्या. त्या माझ्या नव्हत्याच. त्या हम्मादच्या आहेत. त्याच्याकडे पोचवाव्यात. याहून वेगळे त्याला काही नाही.

८. खाजणबंदरचे घर. हे मी हम्मादला द्यायचे ठरवले होते आणि तसे त्याला सांगितलेही होते. ते वचन मी मागे घेत आहे. हम्मादचे वडील रायगडचे. खाजणबंदरकडून खेळायला पासपोर्टच्या शेवटच्या पानावर गावचा पत्ता लागतो, आणि त्याच्या पासपोर्टवर पत्ता आहे तो माझ्या या गावच्या घराचा. कमिटीसमोर मी हात वर करून सांगितले होते, हा आमच्या गावचा आहे.

ते घर, विहीर आणि मागच्या सात माडांसह, मी अरवाला देत आहे, एकट्या तिच्या नावावर. या सगळ्या प्रकरणात मला खरे काय ते तिनेच दाखवले, नकळत का होईना. हम्मादने त्या घरात राहायचे की नाही, ते तिने ठरवावे. पासपोर्टवर तो पत्ता ठेवायचा असेल, तर त्याने तिची परवानगी मागावी. तोंडी नाही, लेखी.

साक्षीदारांनी मला सही करताना पाहिले आहे. मजकूर त्यांनी वाचलेला नाही, मी वाचू दिला नाही.

झुलेखा हाशम परकार (सही)

साक्षीदार:
उदय रामचंद्र सुर्वे (सही)
मंजिरी देवदत्त लिमये, शेजारी (सही)

जेद्दा, शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५