माझ्या मिक्समध्ये साडू

२ मार्च
साडूने गाणं केलं. माझ्या मेव्हणीचा नवरा, दातांचा डॉक्टर. दवाखाना बंद असताना पेशंटच्या खुर्चीत बसून फोनवर रेकॉर्ड केलं म्हणे. एक गिटार, एक आवाज, एक टेक. मिक्सिंग, म्हणजे आवाजांची जुळवाजुळव, शून्य. बायकोने कौतुकाने मोठ्या आवाजात लावलं. मी ‘छान आहे’ म्हणालो. मला हेवाबिवा काही वाटत नाही. फक्त जेवण गेलं नाही.

३ मार्च
निश्चय. सासऱ्यांची पंचाहत्तरी २० एप्रिलला आहे. तिथे सगळ्यांसमोर माझं गाणं वाजणार. मी कॉलेजपासून गिटार वाजवतोय, साडू परवापासून. लोकांना फरक कळू दे.

५ मार्च, सकाळी
बायको भांडी लावताना साडूचं गाणं गुणगुणत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझी एक ओळ तिच्या तोंडी कधी आली नाही. हे मात्र लागलं. जगाचं कौतुक गेलं खड्ड्यात. तिने एकदा माझं गाणं गुणगुणावं, बस्स.

८ मार्च
रेकॉर्डिंग सुरू. पंखा बंद, खिडक्या बंद, गादी भिंतीला उभी. बायकोने विचारलं, झोपायचं कुठे? कलेसाठी त्याग करावा लागतो, असं सांगितलं. मग तो त्याग तू हॉलमध्ये झोपून कर, म्हणाली. तिसऱ्या टेकमध्ये शेजारचा कुत्रा भुंकला. ठेवला. वातावरण येतं.

१५ मार्च
एकावर एक रेकॉर्ड करत गिटारचे अकरा थर झाले. शब्द नाहीत, गायन नाही. शब्द लागतात ते साडूसारख्यांना.
एका व्हिडिओत सांगितलंय की तुलनेसाठी दुसऱ्याचं गाणंही कॉम्प्युटरवर आपल्या गाण्याच्या प्रोजेक्टमध्ये ठेवावं. त्याला रेफरन्स म्हणतात. साडूचं ठेवलं. आपण किती पुढे आहोत ते कळायला. एरवी ते म्यूट असतं. असं बटण त्याला जन्मतःच बसवायला हवं होतं.

२२ मार्च
आज एकच नॉब केसाकेसाने फिरवत बसलो. गिटारचा आवाज अक्षरशः मध झाला. मग दिसलं की तो इफेक्ट चालूच नव्हता. असू दे. मध होताच. माझे कान खोटं बोलत नाहीत.

२९ मार्च
सगळं गढूळ ऐकू येतंय. दोष खोलीचा आहे, रेकॉर्डिंगमध्ये आवाज घुमतो. नाचता येईना अंगण वाकडं, असं बायको म्हणाली. तिला अकूस्टिक्समधलं काही कळत नाही. इथे अंगण खरोखरच वाकडं आहे.

४ एप्रिल
साडूचा फोन. मिक्सिंगमधलं मला ओ की ठो कळत नाही, जरा शिकव ना, म्हणाला. गोड बोलून विद्या काढून घ्यायचा डाव! बिझी आहे म्हणालो. बायकोने ते ऐकलं. इतकं काय ते जळायचं, म्हणाली. मी कशाला जळू? हेडफोनमुळे कान तापतात, म्हणून लाल दिसतात.
गाणं कोणालाच ऐकवायचं नाही. दृष्ट लागते.

१७ एप्रिल
फायनल! शेवटी पूर्ण प्रोजेक्टवर माझी खास सेटिंग्ज चढवली. जे त्यातून जाईल त्याचं सोनं होईल. निरोप म्हणून साडूचं गाणं एकदा सोलोवर ऐकलं. सोलो दाबलं की बाकीचं सगळं गप्प होतं, तो एकटाच उघडा पडतो. पूर्वीइतकं वाईट वाटलं नाही, याचंच वाईट वाटलं. मग तडक एक्सपोर्ट करून गाण्याची फाइल काढली. पेन ड्राइव्हवर घेतलं. आता तीन दिवस ऐकायचं नाही, कानांना विश्रांती. व्हिडिओत तसं सांगितलंय.

२० एप्रिल, कार्यक्रमाहून परत
लिहायची इच्छा नाही.
उभा राहून भाषण केलं. खरं संगीत संयमातून येतं वगैरे. साडूकडे बघूनच बोललो. पेन ड्राइव्ह लावला.
साडू गायला लागला.
सोलो काढायचं राहिलं होतं. माझे अकरा थर गप्प आणि माझ्या सेटिंग्जमधून तो एकटा. सोनं झालं होतं, हेही खरं. सासऱ्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. साडू धावत आला, मिठी मारली, म्हणाला, बिझी आहे म्हणालास आणि माझ्यासाठी गुपचूप हे करत होतास! मेव्हणी रडली. बायकोने सगळ्यांसमोर माझा हात धरला. चुकले रे, म्हणाली, मला वाटलं तू जळतोस.
मी ‘त्यात काय एवढं’ म्हणालो. दुसरं काय म्हणणार? साडूची अजून पाच गाणी आहेत. ती मीच मिक्स करायची, असं सर्वानुमते ठरलं.

२१ एप्रिल
सकाळपासून बायको तेच गुणगुणतेय. साडूचं.
संध्याकाळी ठरवलं, आता लपवायचं नाही. सोलो काढला, साडूला म्यूट केलं, हेडफोन उपटला आणि माझं गाणं पहिल्यांदाच स्पीकरवर, पूर्ण आवाजात लावलं. दार मुद्दाम उघडं ठेवलं. अकरा थर, कुत्र्यासकट. डोळे मिटून ऐकलं. स्वयंपाकघरातलं गुणगुणणं थांबलं. मला भरून आलं.
मग तिचा आवाज आला. गिटार ट्यून करून झाली की जेवायला ये, म्हणाली.